कमी शाळा, लवकर परावलंबन: नाशिकच्या वस्तीत वृद्ध पुरुषांची पाहणी कशी करावी?

गोदाकाठ (धागाकर्ता)

ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य शिबिरांत कोण येतं ते पाहा. निवृत्त शिक्षक, बँकेतले, नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून पेन्शनवर आलेले. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये ठेकेदाराकडे राबलेला, दिंडोरी-निफाडच्या बागांत फवारणी केलेला, मार्केट यार्डात पोती वाहिलेला माणूस त्या खुर्च्यांवर दिसत नाही. साठीच्या आसपासच तो घरात बसलेला असतो, नाहीतर या जगात नसतो.

जन्म-मृत्यूंची सरकारी पाहणी असते, नमुना नोंदणी योजना. तिच्या २०१६-२० च्या तक्त्यांत भारतीय पुरुषाचं अपेक्षित आयुर्मान ६८.६ वर्षं आहे, स्त्रीचं ७१.४. ही सरासरी. तिच्या पोटात शिक्षणाप्रमाणे किती अंतर आहे, ते आपल्याकडच्या नेहमीच्या तक्त्यांत दिसत नाही. श्रीमंत देशांत जनगणना आणि मृत्युनोंदी जोडलेल्या असतात, म्हणून तिथे ते दिसतं. त्या देशांची सरासरी घेतली तर तिशीतल्या कमी शिकलेल्या पुरुषाचं उरलेलं आयुष्य पदवीधरापेक्षा सुमारे ७ वर्षांनी कमी भरतं. स्त्रियांत हे अंतर ४ च्या आसपास आहे, म्हणजे पुरुषांत ते जास्त रुंद.

आणि एवढ्यावर थांबत नाही. ज्याचं आयुष्य आखूड, त्याची दुसऱ्याच्या हाताने आंघोळ करण्याची, उठवून बसवण्याची वर्षंही आधी सुरू होतात. आपल्या योजना मात्र वय पाहून चालतात, ६५ ला एक, ७० ला दुसरी. वयाच्या अटीने कोण बाहेर राहतं ते आपल्या गावात, आपल्या आकड्यांनी दाखवायचं आहे.

एखाद्या प्रभागात ५५ वर्षांपुढच्या ३००-४०० पुरुषांची घरोघर पाहणी करायची म्हटली तर शिक्षण कसं विचारावं, काळजीची गरज कशी मोजावी, कुठे चूक होते? जाणकारांनी तपशिलात लिहावं. "जनजागृती हवी" एवढ्यावर थांबू नये ही विनंती.

आकडेमोड

हिशेबाची रीत आधी सांगतो, म्हणजे काय गोळा करायचं ते कळेल. तिला सलिव्हन पद्धत म्हणतात, १९७१ पासून वापरात आहे. दोनच गोष्टी लागतात: प्रत्येक वयोगटात मिळून किती वर्षं जगली गेली, आणि त्या वयोगटातल्या किती टक्के माणसांना मदतीचा हात लागतो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे परावलंबनाची वर्षं.

खालचे आकडे रीत समजावी म्हणून मनाने घेतलेले आहेत, ते कुठे उद्धृत करू नका.

साठी गाठलेले १,००० मॅट्रिक पुरुष. ते ६०-६९ मध्ये मिळून ९,२०० वर्षं जगले, ७०-७९ मध्ये ६,९००, ऐंशीपुढे ३,९००. बेरीज २०,०००, म्हणजे माणशी २० वर्षं. मदत लागणारे अनुक्रमे ५, १५ आणि ४० टक्के धरा. ४६० + १,०३५ + १,५६० = ३,०५५. माणशी ३ वर्षं परावलंबी, १७ स्वतःच्या पायावर.

आता चौथीच्या आत शाळा सुटलेले १,०००. ८,६०० + ५,२०० + २,२०० = १६,०००, माणशी १६ वर्षं. मदत लागणारे १४, ३० आणि ५५ टक्के. १,२०४ + १,५६० + १,२१० = ३,९७४. माणशी ४ वर्षं परावलंबी, १२ स्वतःच्या पायावर.

आयुष्य ४ वर्षांनी कमी आणि परावलंबन वर्षभराने जास्त, हे झालं वरवरचं. तीच बेरीज वयाप्रमाणे फोडून पाहा. पहिल्या गटाचं निम्मं परावलंबन ऐंशीनंतर येतं. दुसऱ्या गटाचं ३० टक्के सत्तरीच्या आत येऊन गेलेलं असतं, माणशी १.२ वर्षं, पहिल्या गटात तेच अर्ध्या वर्षाहून कमी. ७० ला उघडणारी योजना या १.२ वर्षांपर्यंत पोहोचूच शकत नाही. गोदाकाठ, तुमचा मुद्दा या एका आकड्यात आहे.

दोन सावधगिऱ्या. एका प्रभागातल्या मृत्यूंवरून आयुर्मान काढू नका, संख्या फार लहान पडते. राज्याचा तक्ता घेऊन दोन्ही गटांना लावला तर चालेल, पण मग दोघांचं मरण सारखं धरलं जातं आणि खरं अंतर कमी दिसतं. अहवालात हे स्पष्ट लिहा. दुसरं म्हणजे नमुना. एका गटात १०० पुरुष आणि त्यातल्या २० टक्क्यांना मदत लागते असं आलं, तर खरा आकडा १२ ते २८ मध्ये कुठेही असू शकतो. ४०० असतील तर १६ ते २४. म्हणून शिक्षणाचे सहा-सात गट पाडू नका, तीन पुरे.

खडूफळा

तीन गट ठीक, पण विचारताना पूर्ण इयत्ता लिहून घ्या आणि गट घरी येऊन पाडा. या पिढीच्या इयत्ता आजच्या नाहीत. "फायनल झालोय" म्हणजे सातवीची जुनी फायनल परीक्षा. त्या सातवीवर माणसं मास्तर आणि तलाठी झाली आहेत, तिला आजच्या सातवीच्या मापाने मोजता येत नाही. "मॅट्रिक" म्हणजे बहुतेकांची अकरावी. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ ला झाली. त्याआधी "दहावीपर्यंत शिकलो" म्हणणारा मॅट्रिक नसतो, आणि १९७५ नंतरचा तेच वाक्य म्हणाला तर कदाचित असतो. म्हणून दोन प्रश्न हवेत: कितवीपर्यंत बसलात, आणि शाळा कोणत्या साली सुटली.

"सही येते" याला साक्षर धरू नका. औषधाची पट्टी हातात द्या आणि नाव वाचायला सांगा, किंवा सिटीबसची पाटी मोठ्या अक्षरात छापून न्या. मात्र आधी चष्मा विचारा. मोतीबिंदू असलेला मॅट्रिक माणूसही पट्टी वाचत नाही, आणि तुमच्या कागदावर तो निरक्षर ठरतो.

स्पष्टमत

हे शिक्षणाचं कशाला? गरिबी म्हणा ना सरळ. पैसा असेल तर अडाणी माणूसही चांगल्या दवाखान्यात जातो.

आकडेमोड

@स्पष्टमत, गरिबी त्यात आहेच. पण मोजायला शिक्षण सोयीचं, कारण ते विशी-पंचविशीत ठरतं आणि पुढे बदलत नाही. उत्पन्नाचं तसं नाही. माणूस आजारी पडला की कमाई बुडते, मग गरिबीने आजार आला की आजाराने गरिबी, हे सोडवता येत नाही. अमेरिकेत किटागावा आणि हाउझर यांनी १९७३ ला मृत्यूचे दाखले जनगणनेशी जोडून शिक्षणाप्रमाणे मृत्युदर काढले, ते याच विचाराने.

शिवाय लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास पाहा, १९६७ पासूनचा, पहिल्या फेरीत सगळे पुरुष. तिथे कुणी उपाशी नव्हतं, सगळ्यांना कायमची नोकरी. तरी खालच्या पायरीवरच्या शिपायांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीच्या घरात निघालं, आणि बिडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे धरूनही सगळा फरक फिटला नाही. अगदी तळाचे आणि बाकीचे अशी दोन टोकं तिथे नव्हती. प्रत्येक पायरीला उतार होता.

पाऊलवाट

काळजीची गरज मोजण्याबद्दल. "काका, तब्येत कशी आहे?" हा प्रश्न फॉर्मवर नको. "बरंय" एवढंच उत्तर येतं. "डॉक्टरांनी बीपी-शुगर सांगितलीय का?" हाही एकटा नको. जो दवाखान्यात गेलाच नाही तो "नाही" म्हणतो, आणि कागदावर कमी शिकलेला माणूस जास्त निरोगी दिसतो. अशा पाहण्यांतली ही सगळ्यात मोठी फसगत आहे. बीपी तिथेच मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, लघवीला जाऊन येऊ द्या, दंड छातीच्या पातळीवर ठेवा, आणि अर्ध्या तासात तंबाखू मळून खाल्ली असेल तर थांबा. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा.

परावलंबनासाठी कॅट्झची सहा कामं (१९६३ पासून वापरात): आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण. प्रत्येकाला "जमतं का?" असं विचारू नका. "काल आंघोळ कुणी घातली? पाठीवर पाणी कुणी ओतलं? बादली कुणी उचलून दिली?" असं कालच्या दिवसाचं विचारा. आपल्याकडे बायकोने पाणी काढून देणं, टॉवेल-कपडे हातात देणं ही रीत आहे, ती परावलंबनात धरायची नाही. बादली काढून दिली पण आंघोळ स्वतः केली, तर तो स्वावलंबी. पाठीशिवाय बाकीचं अंगही दुसऱ्याने चोळलं, तर परावलंबी. पाहणी करणाऱ्या सगळ्यांनी ही रेघ एकाच ठिकाणी ओढली पाहिजे, नाहीतर आकडे जुळत नाहीत.

पुढची पायरी बाहेरच्या कामांची: औषध वेळेवर घेणं, पैशाचा व्यवहार, फोन, बस, बाजार. इथे पुरुषांच्या बाबतीत गडबड होते. "स्वयंपाक करता का?" याला आपल्याकडचा धडधाकट सत्तरीचा गृहस्थही "नाही" म्हणतो. हा प्रश्न आणि धुण्याचा प्रश्न पुरुषांच्या बेरजेतून काढून टाका. बँकेची स्लिप भरण्याचंही तसंच: जो कधीच लिहायला शिकला नाही, त्याला ती आता जमत नाही असं नव्हे. "आधी येत होतं, आता येत नाही" हा वेगळा रकाना ठेवा.

शेवटी एक चाचणी. हाताची खुर्ची, ३ मीटरवर खडूची रेघ. उठायचं, रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरा. काठी वापरत असेल तर काठीनेच चालू द्या आणि तशी नोंद करा. चप्पल नेहमीची. बाजूला एकाने उभं राहायचं, हात न लावता.

मेंदूमित्र

पाऊलवाट यांच्या "आधी येत होतं" ला जोडून. विसरभोळेपणाची नेहमीची ३० गुणांची इंग्रजी चाचणी वस्तीत नेऊ नका. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, वाक्य लिहायला लावतात, पंचकोनांचं चित्र उतरवायला देतात. शाळेत न गेलेला, डोकं पूर्ण शाबूत असलेला माणूस तिथे सात-आठ गुण सहज घालवतो आणि त्याच्यावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसतो. ही अडचण ओळखून हरियाणात बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी तयार केली गेली, तिचा अभ्यास १९९५ ला आला. गुणांपेक्षा घरच्यांना विचारा: ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, दिलेले पैसे पुन्हा देतात का, जेवलेलं विसरून पुन्हा मागतात का, आणि हे कधीपासून. त्याआधी कानात नीट बोलून पाहा. मालेगावच्या यंत्रमागावर किंवा पत्रा कापण्या-दाबण्याच्या प्रेसशॉपमध्ये आयुष्य गेलेल्याला ऐकूच येत नसतं, आणि उलटसुलट उत्तर आलं की घरचे म्हणतात "डोकं चालत नाही".

भट्टीवाला

कोणत्या वाटेने शरीर आधी झिजतं ते फॉर्ममध्ये आलं पाहिजे, तरच पुढे काय करायचं ते कळेल. "व्यवसाय: मजुरी" लिहून काही हाती लागत नाही. सर्वांत जास्त वर्षं केलेलं काम विचारा आणि त्यात अंगावर काय आलं ते लिहा.

फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, साचा फोडताना आणि कास्टिंग साफ करताना वाळूची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि सिलिकोसिसच्या माणसाला क्षयाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त. बहुतेकदा "टीबी झाला होता, औषध घेतलं" एवढंच घरचे सांगतात आणि धाप वयावर ढकलली जाते. यंत्रमागावर कापसाची तूस. द्राक्षबागेत फवारणी: उन्हाने गुदमरतं म्हणून मास्क काढलेला, भिजलेला शर्ट दिवसभर अंगावर. हमालीत गुडघे आणि कंबर, आणि ती गेली की भारतीय संडासावर बसता येत नाही. परावलंबन तिथूनच सुरू होतं.

तंबाखूचं: २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे ३.८ टक्केच, मळून-चावून खाणारे २४.४. म्हणून "सिगारेट पिता का?" या प्रश्नाला नाशिकमध्ये अर्थ नाही. दिवसात किती पुड्या, कधीपासून, रात्री तोंडात ठेवून झोपता का, हे विचारा. तोंड तीन बोटं सरळ उभी आत जातील एवढं उघडत नसेल तर दातांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्या.

एक कागद सगळे विसरतात. कामगार राज्य विमा योजनेत (ईएसआय) नाव असलेला कामगार निवृत्तीच्या वयाला सेवेतून उतरला आणि त्याची किमान पाच वर्षांची विमापात्र नोकरी झालेली असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि पत्नीला त्याच योजनेतून उपचार चालू ठेवता येतात. सातपूरला या योजनेचं रुग्णालय आहे. हे कळतं ते सुपरवायझरला. ठेकेदाराच्या माणसाचा विमा क्रमांकच दर दोन वर्षांनी नवा काढलेला असतो, मग पाच वर्षं जुळत नाहीत. जुनी कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचे कागद पत्र्याच्या पेटीत असतात. ते पाहणीच्या दिवशीच काढायला सांगा.

स्पष्टमत

टप्प्याटप्प्याने पटतंय. पण वयाची अट बदलणं आपल्या हातात नाही. मग ५८ वर्षांच्या, अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला आज काय देणार?

कागदपत्र

@स्पष्टमत, वयाने दार बंद असेल तर दिव्यांगत्वाच्या दाराने जायचं.

आधी वयाचं. शाळेत गेलेल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला असतो, न गेलेल्याकडे काही नसतं. आधार काढताना अंदाजे वय सांगितलं गेलं आणि जन्मतारीख १ जानेवारी पडली. पाहणीत ६०, ६५, ७० या वयांवर माणसांची गर्दी दिसेल, ती याचमुळे. वय विचारताना ठळक घटनेशी जोडा: १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर जात होतात का, तेव्हा लग्न झालं होतं का, मोठा मुलगा किती वर्षांचा होता. कागदावरचं आणि असं काढलेलं, दोन्ही वयं लिहा. खरा ६८ चा माणूस आधारवर ६१ चा असेल तर श्रावणबाळ योजनेचं, ६५ पुढच्यांसाठीचं पेन्शन त्याला मिळत नाही. शाळेने दिलेला एक कागद साठ वर्षांनी असा उपयोगी पडतो.

आता योजना.

७० पूर्ण: आयुष्मान वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार पुरतं. पण हे दवाखान्यात दाखल झाल्यावरचं आहे. घरी लागणारा माणूस, डायपर, फिजिओ, रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून काळजीचा वेगळा विमा आहे. आपल्याकडे त्या जागी सून आहे.

६५ पूर्ण: मुख्यमंत्री वयोश्री योजना, एकदाच ३,००० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत. काठी, वॉकर, कमोड खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा अशांसाठी. आणि श्रावणबाळ, दरमहा १,५००. तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० आहे, म्हणजे दिवसाला ५७-५८ रुपये. तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत अर्ज, सोबत उत्पन्नाचा दाखला. मुलगा कमावता दाखवला गेला की अर्ज अडतो, म्हणून रेशनकार्ड विभक्त आहे की एकत्र ते आधी पाहा.

६५ च्या आत: संजय गांधी निराधार अनुदान, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर. त्यासाठी दिव्यांग ओळखपत्राचा ऑनलाइन अर्ज आणि त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी. अर्धांगवायूने हात-पाय गेला असेल तर अस्थिव्यंग, वाचा गेली असेल तर वाचा आणि भाषा दोष, दोन्ही असतील तर बहुदिव्यांग. घरचे फक्त पाय सांगतात, वाचा सांगतच नाहीत, आणि टक्के ४० च्या खाली राहतात. झटक्यानंतर काही महिने हालचाल सुधारत असते, म्हणून लगेच नेऊ नका. तोवर डिस्चार्ज कार्ड, सिटीस्कॅनचा रिपोर्ट आणि फिजिओच्या नोंदी एका पिशवीत ठेवा.

बोटांचे ठसे हा आणखी एक अडथळा. सिमेंट, चुना, कांद्याची गोणी यांत आयुष्य गेलेल्याचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, आणि पेन्शन अडकते. हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्याने ओळख पटवायची सोय मोबाइलवर आहे. दाढी-मुंडासं मध्ये येतं, आणि उजेड समोरून हवा, खिडकीकडे पाठ नको. केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

पेठरोड

शहरातला प्रभाग घेणार असाल तर पेठ रोडच्या, गंगापूर रोडच्या बांधकामांवरच्या पालांकडे आणि मजूर अड्ड्यांकडे लक्ष असू द्या. ती माणसं मतदार यादीत सुरगाण्याची किंवा पेठची असतात आणि दोन्हीकडच्या पाहणीतून सुटतात. पाड्यावर करणार असाल तर पावसाळ्यात जा. भात-नागलीची लावणी आणि निंदणी चालू असते, माणसं घरी असतात. दिवाळीनंतर कर्ती माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांवर जातात. मागे राहतो तो म्हातारा आणि लहान पोरं, म्हणजे काळजी घेणारं कुणी नाही. वर्षाच्या कोणत्या महिन्यांत घरात मोठं माणूस नसतं, हा प्रश्न फॉर्ममध्ये हवाच.

झटका आल्यावर रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पाड्यावरून गाडी मिळून सावळघाट ओलांडून नाशिकला पोहोचेपर्यंत त्यातला मोठा भाग गेलेला असतो, आणि "वारं गेलं" म्हणून आधी चोळायला नेलं तर उरलेलाही जातो. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोबडं बोलणं, यांपैकी काहीही दिसलं की १०८. शेवटचं नीट बोलताना कधी पाहिलं ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या. डॉक्टर पहिला तोच प्रश्न विचारतात.

आकडेमोड

महत्त्वाचं राहिलं होतं. तुम्ही जिवंत माणसंच मोजणार. कमी शिकलेल्यांतले सर्वांत खचलेले आधीच गेलेले असतात, म्हणून पंच्याहत्तरीपुढे दोन गटांतलं अंतर कमी झाल्यासारखं वाटेल. ते खरं समजू नका. प्रत्येक घरात विचारा: गेल्या तीन वर्षांत या घरातला ५० वर्षांपुढचा कुणी पुरुष वारला का? वय, शाळा, काम, आणि शेवटच्या वर्षात किती महिने अंथरुणावर होते. चार प्रश्न, पण त्यांच्याशिवाय पाहणी लंगडी.

गोदाकाठ

सर्वांचे आभार, फॉर्म या धाग्यावरूनच बांधतो. पाऊलवाट, एक विनंती. पाहणीला गेल्यावर रिकाम्या हाताने परत येऊ नये असं वाटतं. सिडकोतल्या जुन्या घरांत, लहानशा संडासात, कमी पैशात काय बदलता येईल?

पाऊलवाट

तिथूनच सुरुवात करा, कारण आंघोळ-संडास सुटला की बाकीचं पटापट सुटत जातं.

दार. बरेचदा ते दोन फुटी असतं आणि आत उघडतं. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि बाहेरच्याला ढकलता येत नाही. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं करा, आतली कडी काढून टाका. सुताराचं तासाभराचं काम.

कमोड खुर्ची. भारतीय भांड्यावर ठेवायची, खालचं पातेलं काढून. पायठाण्यांचा उंचवटा असतो, त्यामुळे खुर्चीचा एक पाय अधांतरी राहतो आणि बसताना ती कलंडते. घेण्याआधी भांड्याची आणि पायठाण्यांची बाहेरची रुंदी मोजा. खुर्चीच्या पायांमधलं अंतर त्याहून जास्त हवं. चारही पायांना रबरी बूट, बसायची उंची साधारण १८ इंच, पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. प्लास्टिकची साधी खुर्ची भोक पाडून वापरतात, ती चिरते. नको.

दांडी. टॉवेलची दांडी धरून उठायची सवय असते आणि ती एक दिवस भिंतीतून निघते. ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस पाइप, भिंतीपासून बोटं मावतील इतका, दीड इंच दूर. अडचण भिंतीची आहे. आतल्या भिंती चार इंची असतात, त्यात फास्टनर ठोकला तर विटेचा तुकडा घेऊन बाहेर येतो. आरपार भोक पाडून पलीकडून पट्टी आणि नट लावा. मग एका धडधाकट माणसाने पूर्ण वजन टाकून लटकून पाहायचं, त्यानंतरच आजोबांना धरू द्यायची.

रात्रीसाठी लघवीचं भांडं बाजेखाली, लुळ्या बाजूला नको, चांगल्या हाताच्या बाजूला. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला रात्री तीन-चारदा उठावं लागतं आणि पडणं त्याच फेऱ्यांत होतं.

काठी. उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तेवढी उंच. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. दहांतले बरेच जण उलट धरतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं की ओल्या लादीवर काठी नसलेली बरी. ते वेगळं विकत मिळतं.

अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. पांढरा होऊन परत लाल झाला तर वेळ आहे. लालच राहिला तर जखम आतून सुरू झाली. तिथे चोळायचं नाही, पावडर नाही, गोल रिंग किंवा पाणी भरलेले हातमोजे ठेवायचे नाहीत. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणं बंद करू नका.

खडूफळा

हे सगळं करणार कोण, तेही फॉर्ममध्ये येऊ द्या. बहुतेक घरांत बायको, जी स्वतः साठीची आहे, नाहीतर सून.

पाऊलवाट

बरोबर. तिच्यासाठी वेगळे चार प्रश्न: रात्री किती वेळा उठता, उचलताना दुसरं कुणी असतं का, कंबर दुखते का, मजुरी किंवा धुण्या-भांड्याचं काम सोडावं लागलं का. आजोबांसमोर विचारलं तर "मला काही त्रास नाही" एवढंच म्हणेल. पाहणीला दोघांनी जा. एकाने बाजेजवळ बसायचं. दुसरी बाई हवी, तिने ओट्याजवळ.